वणवे विझवणाऱ्या भावाची ‘हेवी मेटल’ तपासणी करावी का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. तुमचा धाकटा भाऊ ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात हंगामी वनमजूर आहे. तीन उन्हाळे जाळरेषा काढणं (म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे पट्टे करणं) आणि वणवे विझवणं हेच त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी पारसिकच्या डोंगरावर आग लागल्याचं कळलं की मित्रांबरोबर तिथेही धावतो. यंदा मार्चमध्ये वस्तीला लागून असलेल्या उतारावर गवताबरोबर टाकून दिलेला कचरा, वायरी, मोडकं फर्निचर असं सगळंच पेटलं आणि त्यानंतर काही दिवस त्याला काळा बेडका पडत होता. धुरातून शिसं, पारा अंगात जातो असं कुणीतरी सांगितलं, वणव्याच्या राखेत विषारी धातू सापडल्याची एक बातमीही तुम्ही वाचलीत. एका लॅबने वीसेक धातूंचं पॅकेज सुचवलं, एका क्लिनिकने अंगातले धातू काढण्यासाठी शिरेतून द्यायची ‘डिटॉक्स ड्रिप’. घरात त्याची दोन वर्षांची मुलगी आहे. तपासणी करावी का, ड्रिप घ्यावी का आणि हे काम सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी औद्योगिक आरोग्याची डॉक्टर आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बॅटरी, प्लेटिंग (धातूचा मुलामा देणं) आणि रंगद्रव्यांच्या कारखान्यांतले कामगार तपासण्यातच माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे माझे रोजचे विषय. आग विझवणारी माणसंही अधूनमधून माझ्याकडे येतात. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्या प्रकृतीबद्दल ठाम काही बोलणार नाही. पण उत्तराचा गाभा आधी सांगून टाकते: ड्रिप अजिबात नको. वीस धातूंचं पॅकेज नको. रक्तातलं शिसं मात्र एकदा करून घ्या. काम सोडण्याइतकं काही तुमच्या वर्णनात मला दिसत नाही, पण कामाची पद्धत बदलायलाच हवी, आणि ती बदलणं कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त मोलाचं आहे.

आता कारणं. लाकूड, गवत, प्लास्टिक जळून त्यांचं रूप पालटतं, धातू मात्र जळून नाहीसा होत नाही. वायरीतलं शिसं आगीनंतरही शिसंच असतं. थोडं धुराबरोबर वर गेलेलं, उरलेलं राखेत बसलेलं. म्हणून ‘धुरात धातू किती’ हे विचारण्याआधी ‘जळलं काय’ हे विचारावं लागतं. तुमच्या भावाच्या बाबतीत दोन अगदी वेगळ्या आगी आहेत आणि त्या एका तराजूत टाकून चालणार नाहीत.

पहिली, जंगलाच्या आतली. सागाचा वाळलेला पाला, सुकं गवत, कारवी. झाडं मुळांवाटे मातीतले धातू थोड्या प्रमाणात घेतातच. पाऱ्याचं तर असं आहे की पानं तो हवेतूनही शोषतात आणि पानगळीबरोबर तो जमिनीवर येतो. पाला पेटला की त्यातला बहुतेक पारा वाफ होऊन निघून जातो. पण हे प्रमाण अत्यल्प असतं, डोंगर उघडा असतो आणि आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत भराभर सरकणारी असते. अशा आगीत मला धातूंपेक्षा धुराचे बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड यांचीच काळजी जास्त वाटते.

तुम्ही ज्या बातमीबद्दल लिहिलंय, ती बहुधा क्रोमियमची असावी. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतरची माती आणि राख तपासली. मातीत क्रोमियम सहसा त्रिसंयुजी, म्हणजे बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो. जिथे आग फार तापली होती, तिथे त्यातला काही षट्संयुजी झालेला त्यांना आढळला. हा षट्संयुजी क्रोमियम मी प्लेटिंगच्या कामगारांत चांगलाच ओळखते. त्याने नाकाच्या पडद्याला भोक पडतं, आणि श्वासातून वर्षानुवर्षं जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही क्रोमियम आणि निकेल आहे. पण तिकडे तो ज्या सर्पेंटाइन खडकांत सापडला, त्यांत क्रोमियम आपल्या बेसॉल्टच्या कितीतरी पट असतो आणि तिथल्या आगीही जास्त वेळ, जास्त तापमानाला जळतात. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा येऊरला लावणं मला पटत नाही.

दुसरी आग वस्तीच्या कडेची, आणि माझी खरी चिंता तीच आहे. येऊरचा पायथा घ्या, कळवा-मुंब्र्याच्या बाजूचा पारसिक घ्या, किंवा घणसोली, महापे, तुर्भे इथल्या एमआयडीसीच्या मागच्या टेकड्या. जंगल आणि शहर यांच्यात अंतर असं उरलेलंच नाही. रात्री डेब्रिजचा डंपर रिकामा होतो, कुणी जुना सोफा टाकतं, कुणी तांब्यासाठी वायरी जाळतं. मग गवत पेटतं आणि सगळं एकत्र जळतं. वायरींच्या पीव्हीसी आवरणात शिशाचे क्षार घालण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. पीव्हीसीत क्लोरीनही असतो. आगीत दोन्ही मिळून शिशाचं क्लोराइड तयार होतं आणि ते नुसत्या शिशापेक्षा खूप कमी तापमानाला वाफ होतं. म्हणजे शिसं हवेत जायला वायरीची आग अगदी सोयीची. जुन्या दारं-खिडक्यांच्या तैलरंगातही शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांना ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा लागू झाली ती २०१७च्या अखेरीस, आणि डेब्रिजमध्ये येणारी दारं त्याच्या कितीतरी आधीची असतात. फुटलेल्या ट्यूबलाइटमधून पारा येतो, रिचार्ज होणाऱ्या जुन्या सेलमधून निकेल आणि कॅडमियम.

आणखी एक वस्तू फार कुणाच्या लक्षात येत नाही: वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं हे मिश्रण १९३३मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधलं आणि पुढे ते जगभर वापरलं गेलं. विजेचे खांब आणि कारखान्यांचे जुने कूलिंग टॉवर यांच्या लाकडात ते मुरवलेलं असायचं. नवं असताना अशा लाकडावर हिरवट छटा दिसते, जुनं झालं की ओळखू येत नाही. ते जळलं की आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेली राख भयंकर विषारी असते. एमआयडीसीच्या मागे जाडजूड, भोकं पाडलेल्या फळ्या जळताना दिसल्या तर त्यांच्या जवळ जाऊ नका, त्या झोडपू नका, हे भावाला नक्की सांगा.

हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. घरं आणि गाड्या जळतात तेव्हा धूर कसा बदलतो याचं एक चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज नावाचं गाव वणव्यात जवळजवळ सगळंच जळालं. तिथल्या राज्याच्या हवा मंडळाने नंतर नोंदी तपासल्या, तेव्हा कित्येक किलोमीटर दूर असलेल्या चिको शहराच्या हवेत साधारण दिवसभर शिसं नेहमीच्या सुमारे ५० पट आढळलं. निव्वळ जंगल जळालं त्या आगींच्या धुरात असं शिसं नव्हतं. तिथे अख्खं गाव जळालं आणि इथे उकिरडा, प्रमाण अर्थातच वेगळं. पण शिसं येतं कुठून, हे त्यावरून स्पष्ट होतं.

म्हणून भावाला पहिलं काम सांगा: एक वही ठेव. प्रत्येक आगीची तारीख, जागा, किती तास आणि काय जळत होतं, एवढंच लिही. ‘गवत, पाला’ किंवा ‘गवत, वायर, गादी’ अशा दोन शब्दांनीही माझ्यासारखीचं काम भागतं. पुढे कधी आजारपणाचा किंवा भरपाईचा प्रश्न आला तर हंगामी मजुराकडे दाखवायला दुसरा कागद सहसा नसतो.

काळ्या बेडक्याबद्दल. तो काजळीचा असतो, धातूंचा पुरावा नव्हे. श्वासनलिका आपली सफाई करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक-दोन दिवस, फार तर आठवडाभर चालतो. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर धुराला दोष देत घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. ‘धुराचाच खोकला आहे’ म्हणत टीबी अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता हे धातू अंगात जातात कसे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आगीत वाफ होतात आणि धूर थंड होताना सर्वांत बारीक कणांवर बसतात. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असलेले हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. हा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा मार्ग हाताने तोंडात जाण्याचा, आणि तो बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

एका बॅटरी कारखान्यातला अनुभव सांगते. धूळ खेचणारे पंखे बसवले, हवेतलं शिसं मोजून कमी झालेलं दिसलं, तरी ठरावीक काही कामगारांच्या रक्तातलं शिसं खाली येईना. त्यांच्याबरोबर चहाच्या सुट्टीत बसले तेव्हा उलगडा झाला. खिशातून पुडी निघायची, चिमूटभर तंबाखू तळहातावर, वर चुना, आणि मग अंगठ्याने जोर लावून मळणं. तळहाताच्या रेषांत करडी धूळ भरलेली आणि तीच तंबाखूबरोबर मळली जात होती. मळून झालं की फटका मारून वरची धूळ उडवायची, उरलेलं ओठाखाली. व्यवस्थापनाला सांगून पुड्या बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायला लावल्या आणि कँटीनच्या दारातच साबणासह बेसिन बसवलं. पुढच्या तपासण्यांत आकडे उतरू लागले.

वणव्यावरही हेच होतं. डहाळ्यांनी झोडपून आग आटोक्यात आली की सगळे सावलीत टेकतात, राखेने काळे झालेले हात पँटला पुसतात आणि तंबाखू मळतात किंवा कुणी आणलेला वडापाव खातात. सकाळपासून पोटात काही नसतं. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, हे लक्षात असू द्या. तंबाखूत स्वतःचं कॅडमियम असतं ते आणखी वेगळं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कॅडमियम न ओढणाऱ्याच्या साधारण चार-पाच पट असतं. भाऊ तंबाखू खातो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. खात असेल तर सोडवण्याचा प्रयत्न करा. तोवर निदान डोंगरावर जाताना पुडी घरी ठेवायची, एवढी अट घाला.

हातासाठी साबण आणि पाणी हवं. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं हाताला तसंच राहतं. खाण्यापिण्याआधी हात, ओठ आणि मिशा धुवायच्या. पाण्याच्या बाटलीचं तोंड राखेत टेकू द्यायचं नाही. साधी गोष्ट आहे, पण त्यासाठी हंगामात प्रत्येक गटाबरोबर हात धुण्यापुरता एक वेगळा कॅन चढवावा लागेल. तो भावाने एकट्याने मागितला तर कदाचित हसण्यावारी नेलं जाईल. चार-पाच जणांनी मिळून वनपाल किंवा आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांकडे मागावा.

मास्कबद्दल सगळेच विचारतात. ओला रुमाल किंवा गमछा बांधल्याने घशाला थंडावा वाटतो, ठिणगीही अडते, पण बारीक कण आरपार जातात. एन-९५ किंवा भारतीय मानकाचा एफएफपी-२ मास्क हे कण चांगले अडवतो. धातू मुख्यतः कणांवरच बसलेले असल्यामुळे धातूंसाठी तो उपयोगी आहे. अपवाद पाऱ्याच्या वाफेचा. अट एकच: कडा चेहऱ्याला चिकटून बसल्या पाहिजेत. दाढी असेल तर तो निम्म्याने बाद झाला असं समजा. उच्छ्वासाची झडप असलेला मास्क घेतला तर उन्हात जरा सुसह्य होतो.

तरीही ‘मास्क घाला’ एवढं सांगून मला हात झटकता येत नाहीत. एप्रिलच्या दुपारी चढावर, आगीच्या आचेत झोडपणी करताना घट्ट मास्क लावणं खरोखर कठीण आहे. उष्माघात हाही जिवावरचाच धोका आहे. अमेरिकेतसुद्धा जंगलातल्या आगीवर काम करणारे जवान वर्षानुवर्षं गळ्यातल्या कापडावरच भागवत आले, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणून मी असं सुचवते: चढताना आणि झोडपताना दम लागत असेल तर मास्कपेक्षा जागा महत्त्वाची. वारा पाठीवर घेऊन काम करा, धुराच्या लोटात उभे राहू नका, वीस-पंचवीस मिनिटांनी माणसं बदला. पण आग विझल्यानंतर, धुमसते ओंडके उलटवताना, निखाऱ्यांवर माती ओढताना किंवा पाला उडवणारा ब्लोअर चालवताना मास्क हवाच. नेमकं याच वेळी ‘झालं एकदाचं’ म्हणून सगळे रुमालही सोडतात. खरी राख उडते ती तेव्हा, आणि दम कमी लागत असल्याने मास्क सहनही होतो.

कचऱ्याची आग हा वेगळाच विषय आहे, तिथे माझं मत ठाम आहे. वनमजुरांनी आणि हौशी तरुणांनी पेटलेल्या ढिगाला हात लावू नये. डहाळीने झोडपल्यावर गवत विझतं, ढीग विझत नाही. त्यातून राख आणि धूर मात्र दुप्पट निघतो. आजूबाजूचं गवत कापून आग पसरण्यापासून रोखा, १०१ला फोन करा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. अग्निशमन दलाकडे पाणी असतं आणि पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी स्वच्छ हवेचा सिलिंडर असतो. तुमच्या भावाकडे दोन्ही नाही.

धातूंच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, ती राहून जायला नको. वणव्यावर त्याच दिवशी माणूस कोसळवतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही आणि एन-९५ त्याला अडवत नाही. धुरात काम करताना कपाळ ठणकायला लागलं, मळमळलं, पाय लटपटले किंवा सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही चांगलं म्हणूनच दाखवतो. डॉक्टरांना ‘धुरात होता, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (म्हणजे या वायूने व्यापलेलं हिमोग्लोबिन) बघा’ असं स्पष्ट सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

इथवरचं थोडक्यात: निव्वळ पाल्याच्या आगीत धातूंची धास्ती कमी, कचऱ्याच्या आगीत जास्त; धातू नाकाइतकेच हातावाटे तोंडात जातात; आणि सर्वांत तातडीचा धोका धातूंचा नाहीच. आता तपासण्या.

वीस धातूंचं पॅकेज मी का नको म्हणते? प्रत्येक धातूची वेळ आणि नमुना वेगळा असतो. शिसं रक्तात पाहतात. रक्तात ते निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, म्हणून आगीनंतर काही आठवड्यांतही अर्थपूर्ण उत्तर मिळतं. पुढे ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं आणि रक्तातला आकडा चांगला दिसू लागतो. आर्सेनिक लघवीत पाहतात, तेही दोन-चार दिवसांतच, नंतर ते निघून गेलेलं असतं. शिवाय आपल्याकडे घरोघरी बोंबील, कोळंबी, बांगडा. मासळीत आर्सेनोबेटाइन नावाचं निरुपद्रवी आर्सेनिक भरपूर असतं. आदल्या रात्री मासे खाऊन तपासणी केली की आकडा फुगतो आणि घरभर रडारड होते. म्हणून या तपासणीआधी चार दिवस मासळी बंद ठेवतात आणि लॅबला आर्सेनिकचे प्रकार वेगवेगळे मोजायला सांगतात. रक्तातला पारा तर बहुतांशी मासळीचाच हिशेब सांगतो. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं राहतं, लघवीतला त्याचा आकडा आयुष्यभराचा साठा दाखवतो, मार्चची आग नव्हे. केसांतले धातू मोजून देणाऱ्या लॅब असतात, तिकडे तर जाऊच नका. केसांवर बाहेरून बसलेली राख आणि आतून आलेला धातू वेगळा काढता येत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत मी एवढं सांगेन: शिरेतून घेतलेल्या रक्तात शिसं, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, साधी लघवी तपासणी, रक्तदाब आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. अंगात लोह कमी असेल तर शिसं आणि कॅडमियम जास्त शोषलं जातं, म्हणून हिमोग्लोबिन. शिशाने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून उरलेलं. तीन हंगाम धूर खाल्लेल्या माणसात स्पायरोमेट्री मला वीस धातूंपेक्षा जास्त सांगते. याच तपासण्या पुढच्या वर्षी जानेवारीत, हंगामाआधी, आणि पुन्हा पाऊस लागल्यावर केल्या तर दोन आकड्यांतला फरक कळेल. सुटा एक आकडा फार बोलत नाही.

ड्रिपबद्दल मला स्पष्टच बोललं पाहिजे. शरीरातला धातू ओढून काढणारी औषधं खरी आहेत, मी ती रुग्णालयात दिलेली आहेत. प्रौढ माणसाला काही त्रास नसेल तर रक्तातलं शिसं ७० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असताना ती सहसा देत नाहीत. ही औषधं धातूबरोबर जस्त, कॅल्शियमही ओढतात. यातल्याच ईडीटीए या औषधाचा चुकीचा प्रकार शिरेतून दिल्याने रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरून माणसं दगावल्याच्या नोंदी अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यानच्या आहेत, त्यात मुलंही होती. धूर आणि राख चालूच असताना हे औषध घेतलं तर उलट शिसं जास्त शोषलं जाण्याचीही शक्यता असते. आणखी एक प्रकार चालतो: आधी औषध द्यायचं, मग लघवी तपासायची आणि ‘बघा किती धातू निघाला’ म्हणून कागद दाखवायचा. ते औषध कुणालाही दिलं तरी लघवीतला आकडा चढतोच. वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने ही चाचणी करू नये असं जाहीर सांगितलेलं आहे. क्लिनिकने तोच कागद पुढे केला तर उठून निघून या.

शिसं खरंच वाढलेलं निघालं तर एकट्या धुराला धरू नका. कल्हईच्या कथलात मिसळलेलं शिसं, भेसळीची हळद, कुणी ओळखीतून दिलेलं नागभस्म (शिशाचं भस्म) असलेलं औषध, घरात चालणारं भंगार किंवा सोल्डरिंगचं काम, हे सगळं विचारून घ्यावं लागतं. जेवणात नाचणी, दूध, हिरव्या भाज्या, लिंबू असू द्या. पोट भरलेलं असणं आणि लोह-कॅल्शियम पुरेसं असणं याने शोषण कमी होतं. त्याने आधीचं शिसं धुऊन निघत नाही.

मुलीबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण मला सर्वांत जास्त काळजी तिचीच आहे. मोठ्या माणसाच्या आतड्यातून गिळलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या निम्म्यापर्यंत. मेंदू वाढत असतो, आणि मुलांसाठी शिशाची निर्धोक अशी पातळी नाही. बाबा दारात आले की ती धावत जाऊन पायांना मिठी मारणार, राखेच्या पँटलाच. तेव्हा कपडे चौकीवरच बदलून वेगळ्या पिशवीत बांधून आणायचे. ते शक्य नसेल तर दाराबाहेर. बूट बाहेर. आधी आंघोळ, केसांसकट, मग मुलगी कडेवर. ते कपडे झटकायचे नाहीत, घरच्यांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळे भिजवून दोन पाण्यांतून काढायचे. बाइकची सीट आणि मोबाइल ओल्या फडक्याने पुसायचा. घरात त्या दिवशी कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओलं पुसा. भावाच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं तर मुलीचंही रक्त तपासून घ्या, त्यात हयगय नको.

काम सोडण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२मध्ये आग विझवण्याचं काम हे कॅन्सर घडवणाऱ्या कामांच्या पहिल्या गटात टाकलं, विशेषतः मूत्राशयाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) यांच्या पुराव्यावर. पहिला गट म्हणजे ‘पुरावा पक्का आहे’; ‘धोका किती’ हे त्यावरून ठरत नाही. तीन उन्हाळे काम केलेल्या, तिशीही न गाठलेल्या मुलाने त्यासाठी रोजगार सोडावा असं मी म्हणणार नाही. ही माणसं नसती तर येऊरचं जंगल दर उन्हाळ्यात आणखी जळालं असतं. त्यांना मास्क, साबण, पाणी, कपडे बदलायला आडोसा आणि वर्षातून एक तपासणी मिळणं हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज लिहायचा असेल तर मी मजकूर करून देईन. त्याच्यासोबतच्या सगळ्या मजुरांच्या सह्या घ्या. मात्र कचऱ्याच्या आगीत हौसेने उतरणं त्याने आजपासून बंद करावं.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक वाचा. काही लॅब शिसं मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये देतात, काही प्रति लीटरमध्ये. दोन्हींत दहा पटींचा फरक आहे. ४२ प्रति लीटर म्हणजे ४.२ प्रति डेसिलीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार ५ प्रति डेसिलीटर किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. भावाचा आकडा ५च्या खाली आला तर हात, मास्क आणि कपडे यांची शिस्त ठेवून पुढच्या जानेवारीत पुन्हा तपासा. ५ ते २०च्या दरम्यान आला तर वही आणि रिपोर्ट घेऊन औद्योगिक आरोग्य पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. २०च्या वर गेला तर महिन्याभरात दुसरा नमुना द्या आणि तोवर त्याला राखेच्या कामावरून बाजूला ठेवायला सांगा.